कौलांच्या कारखान्यातली पाचवी खुर्ची

शुक्रवार, ११ ऑक्टोबर १९६८. रक्कम रुपये पंधरा. हजर: चेअरमन, त्यांचे धाकटे भाऊ, त्यांचे मेहुणे, कार्ल्याकडचे मोठे जमीनदार ज्यांना सगळे आबा म्हणत, इतिवृत्त लिहायला मी, आणि कारखान्यात मातीच्या पाट्या वाहणारी एक बाई. तिच्यासाठी खुर्ची मांडली होती, तरी ती दाराजवळच्या बाकावर बसली होती. तिला कारखान्यात लहानथोर सगळे मावशी म्हणत. पंधरा रुपये हा संचालकाचा एका बैठकीचा भत्ता. त्या दिवशी तो तिला पहिल्यांदा द्यायचा होता, कारण त्या दिवशी ती आमच्या कंपनीची पाचवी संचालक झाली होती.

आमची कंपनी कौलांची. कार्ल्याच्या अलीकडे भट्टी, वाळवणीची शेड आणि दोन खोल्यांचे ऑफिस. मी लोणावळ्याहून बसने जाऊन-येऊन करत असे. हिशेब, पगार, पत्रव्यवहार आणि संचालकांच्या बैठकीचे लिखाण माझ्याकडे. हंगामात चौसष्ट माणसे कामाला असत. त्यांतल्या सत्तावीस बाया डोंगराकडेच्या वाडीवरच्या, माती आणि कच्ची कौले वाहणाऱ्या. बावीस माणसे आसपासच्या गावांतल्या शेतकरी घरांतली, साच्यावर. नऊ भट्टीवाले बाहेरगावचे. उरलेले सहा आम्ही, ऑफिसात बसणारे. संचालक मंडळावर मात्र एकाच घरातले तिघे आणि आबा. त्या चौघांपैकी मातीचे घमेले उचललेले कोणी नव्हते.

याचे नुकसान आदल्या उन्हाळ्यात दिसले होते. वाहतूक जलद व्हावी म्हणून मंडळाने मोठ्या पाट्या आणायचा ठराव केला. तो ठराव मीच लिहिला. नव्या पाटीत दीडपट माती मावत होती, पण ती भरली की एकट्या बाईला डोक्यावर घेता येईना, उचलून द्यायला दुसरी लागे. म्हणजे दोघी मिळून दीड पाटी. पूर्वी दोघी दोन नेत होत्या. बायांनी तीन दिवस काम बंद ठेवले, तेव्हा हे गणित आम्हाला कळले. चेअरमनना ते फार लागले. पुढे पुण्याला कारखानदारांच्या कसल्याशा सभेला ते जाऊन आले आणि म्हणू लागले, "ज्यांच्या कष्टावर कंपनी चालते, त्यांचं माणूस मंडळावर हवं. वाडीवरच्या बायकांपैकी एक घेऊ."

संचालक व्हायला नावावर पाच शेअर लागत. ते चेअरमननी आपल्या नावावरचे मावशीच्या नावावर केले. फुकट.

कोणी कोणाला काही फुकट देताना पाहिले की मी त्याची पाठची बाजू तपासतो. घरी मी बायकोला म्हणालो, "पन्नास रुपयांचे शेअर सहज दिले त्यांनी. यात काहीतरी आहे."

ती भाकरी थापत होती. "अहो, प्रसाद दिला तरी तुम्ही साखर मोजाल. एखाद्याला चांगली बुद्धी होऊ नये का?"

"होऊ दे की. पण आत्ताच का झाली?"

"आणि ती खुर्ची तुम्हाला दिली असती, तर विचारलं असतंत का, आत्ताच का म्हणून?"

अकरा वर्षे मी त्या मंडळाचे इतिवृत्त लिहीत होतो. खुर्चीचा विचार माझ्या मनात आला नव्हता असे म्हणणे खोटे होईल.

पहिल्या बैठकीत मावशी बराच वेळ गप्प होती. मग कौलांच्या फुटीचा विषय निघाला. शंभर कच्च्या कौलांमागे अकरा वाळतानाच तडकत होती. चेअरमनचे भाऊ म्हणाले, माती बदलावी लागेल. मेहुणे म्हणाले, साचा बदलावा लागेल.

मावशी बाकावरून म्हणाली, "वारा बदला की."

आबा हसले. "वारा? आता वाऱ्यालाबी नोटीस धाडायची व्हय?"

"न्हाई आबा. दुपारचा वारा घाटाकडनं थेट शेडात घुसतोय. वरल्या फळीवरची कौलं आदी सुकत्यात, खालची वली ऱ्हात्यात. कौलाची येक बाजू सुकली न् दुसरी वली ऱ्हायली की तडा जातोय. तिकडल्या अंगाला तट्ट्या लावा बांबूच्या."

तट्ट्या लावल्या. महिनाभरात फूट शंभरी सहावर आली. हा आकडा मी स्वतः तीनदा मोजला, कारण मला वाटत होते की तिला हे कोणीतरी पढवून पाठवले असावे, तिची खुर्ची शोभावी म्हणून. पढवणारा कोणी सापडला नाही. चौदा वर्षे ती त्याच शेडमध्ये कौले मांडत होती, एवढेच सापडले.

बैठक संपल्यावर मी व्हाउचर पुढे केले. तिने अंगठा दिला, दहाची नोट आणि पाचची नोट उलटसुलट पाहिली आणि विचारले, "हे निस्तं बसायचं?"

"बसायचं आणि मत द्यायचं."

"पाटी वाहून दिसाला दोन मिळत्यात भाऊ. बसायचं पंधरा?" ती दाराबाहेरच्या बायांकडे पाहून म्हणाली, "उद्यापासनं समद्याजनी बसू गं!"

पुढच्या बाजाराच्या दिवशी लोणावळ्यात मी मीठमिरची घ्यायला गेलो होतो. वाडीवरच्या बाया दुकानावर होत्या. एकीने पदराची गाठ सोडून रुपया आणि पावली फळीवर ठेवली. दुसरीनेही रुपया आणि पावली. तिसरीनेही तेच. मी ओळीने पाच जणी पाहिल्या, पाचींकडे सव्वा रुपया. पगाराचा दिवस नव्हता, आणि पगार कोणाचा सारखा येतही नसे, कारण तो खेपांवर होता. एकाच वाडीतल्या पाच घरांकडे नेमकी सारखी रक्कम असेल, तर ती कोणीतरी वाटलेली असते. मतदानाच्या दिवसांत असे वाटप मी पाहिले होते. मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "कंपनीनं वाडीवर घरटी पैसे पोचवलेत."

"कशासाठी?"

ते मला आठ दिवसांनी कळले, किंवा कळले असे वाटले. मातीच्या फाइलमध्ये एक सातबाराचा उतारा होता, वाडीखालच्या भाताच्या खाचराचा. जमीन दोन एकर, आणि कब्जेदार म्हणून एकच नाव, मावशीचे. नवरा गेल्यावर तिच्या नावावर चढलेले. उताऱ्यावर तारीख सप्टेंबरची होती, म्हणजे तिला संचालक करण्याच्या तीन आठवडे आधीची. त्याच्याखाली कराराचा मसुदा: पाच वर्षे माती काढण्याचा हक्क, तीन हात खोल, मोबदला नऊशे रुपये, लिहून देणार त्या बाई.

आमच्या जुन्या खाणीतली चिकण माती संपत आली होती हे मला ठाऊक होते. पण मला त्या खाचराबद्दलही ठाऊक होते. सातबारावर नाव एक असले तरी वाडीवरची बारा घरे ते खाचर मिळून लावत आणि भात वाटून घेत. सरकारी कागदावर कोणाचे तरी एक नाव लागते, म्हणून ते तिच्या सासऱ्याचे लागले, मग नवऱ्याचे, मग तिचे. तीन हात माती काढली की खाचराचे डबके होते. मग बारा घरांना वर्षातून चार महिने पुरणारे भात कुठून येणार? आणि कायद्याने त्यासाठी फक्त एका अंगठ्याची गरज होती.

फाइलमध्ये आणखी तीन उतारे होते हे सांगितले पाहिजे. त्यांतला एक आबांच्या शेताचा होता. चेअरमननी आसपासच्या सगळ्या मातीची चौकशी केली असेल, आणि मावशीला खुर्ची खरोखरच पाटीच्या चुकीमुळे दिली असेल, असेही होऊ शकते. तेव्हा मला तसे वाटले नाही. खुर्चीवर बसवायचे, चार माणसांसमोर मान द्यायचा आणि मग त्याच टेबलावर कागद पुढे सरकवायचा, म्हणजे नाही म्हणताना तोंड उघडणार नाही. मला हिशेब असा दिसत होता.

दोन दिवस मी गप्प राहिलो. मला दोन मुली होत्या आणि नोकरी एकच होती. तिसऱ्या दिवशी मावशी शेडकडे एकटी दिसली, तेव्हा मी म्हणालो, "मावशी, पुढच्या बैठकीत एखादा कागद आला, तर अंगठा देण्याआधी वाचून घ्या."

"वाचायला कुटं येतंय मला?"

"मी वाचून दाखवीन."

तिने पाटी कमरेवर घेतली आणि माझ्याकडे नीट पाहिले. "तुमीबी कंपनीचंच की, भाऊ."

संशयाचा मक्ता माझ्या एकट्याकडे नव्हता.

दुसरी बैठक नोव्हेंबरच्या अखेरीस झाली. चेअरमननी करार वाचला आणि चांगल्या शब्दांत समजावला. माती नाही मिळाली तर दोन वर्षांत भट्टी बंद पडेल, चौसष्ट माणसांचे काम जाईल, त्यात वाडीवरच्या सत्तावीस. हे खोटे नव्हते. मावशीने ऐकले, उठली आणि बाहेर गेली. बाहेर वाडीवरच्या चार बाया बसल्या होत्या. खिडकीतून कुजबुज ऐकू येत होती. पाऊण तास गेला. चेअरमनच्या भावाने दोनदा घड्याळ पाहिले.

ती आत आली. "पुढल्या येळंला सांगते."

"मावशी," चेअरमन शांतपणे म्हणाले, "संचालकानं बाहेर विचारायला जायचं नसतं. तुम्ही इथं बसलात म्हणजे वाडी इथं बसली."

"वाडी कशी बसंल? वाडी तिकडंच हाय की."

"अहो, म्हणूनच तुम्हाला घेतलंय ना!"

"व्हय, तर मंग इचारून येते."

आबा तंबाखू मळत म्हणाले, "बाई लय हुशार हाय, साहेब. का लय अडाणी हाय, ते काय कळंना."

आमच्या नियमावलीत एक ओळ होती. भत्ता मिळेल तो बैठकीस पूर्ण वेळ हजर असलेल्या संचालकास. मावशी पाऊण तास बाहेर होती. मी त्या दिवशीचा तिचा भत्ता रोखून ठेवला. चेअरमन म्हणाले, "देऊन टाका हो." मी ओळ दाखवली. नियम सर्वांना सारखा, असे मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे मला वाटत होते की ती बाहेर भाव ठरवायला गेली होती, आणि नऊशेचे बाराशे होणार.

तिसरी बैठक जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होती. या वेळी मावशी पहिल्यांदाच खुर्चीवर बसली. तिने पदराची गाठ सोडली आणि टेबलावर दगड मांडले. ओढ्यातले, लिंबाएवढे. एकूण बारा. काहींना काळे फासलेले.

चेअरमनचे मेहुणे म्हणाले, "हे काय आणलंय?"

"घरं हायती," ती म्हणाली. "येका घराचा येक दगूड. आमच्यात समद्यांचं काम असलं की दगूड गोळा करत्यात. ज्याला पसंत हाय त्येचा कोरा. ज्याला न्हाई, त्यो चुलीची काजळी लावून देतोय. आता मोजा."

कोणी मोजेना, म्हणून मी मोजले. नऊ काळे, तीन कोरे.

"खाचर द्यायचं न्हाई," ती म्हणाली.

चेअरमन पुढे वाकले. "मावशी, जमीन तुमच्या एकटीच्या नावावर आहे. मला दगडांचं मत नको, तुमचं सांगा. तुमचा दगड यातला कुठला?"

"ते कसं सांगू? त्यासाठीच तर समदे येका पदरात बांधत्यात."

"आणि चौसष्ट माणसांचं काम गेलं तर? गावातली माणसं आहेत, भट्टीवाले आहेत. तुम्ही त्यांच्याही संचालक आहात."

"त्यांचं मला काय ठावं? त्यांचं कुनी माणूस आणा हितं. त्यो त्यांचं सांगंल."

चेअरमन कराराच्या कागदाची घडी घालू लागले. मी मात्र दगडांकडे पाहत होतो. बारा घरे. पंधरा भागिले बारा, सव्वा. बाजारातले ते रुपया आणि पावली माझ्या डोळ्यांपुढे आले. घरटी पैसे कंपनीने वाटले नव्हते, मावशीने आपला भत्ता वाटला होता. ज्या भागाकारावर माझे पोट चालते, तो मी तीन महिने केला नव्हता.

त्या बैठकीचे पंधरा रुपये तिला तिथेच मिळाले. इतिवृत्तात काय लिहावे हा प्रश्न होता. चेअरमन म्हणाले, "लिहा, प्रस्ताव मागे घेतला." मी तसे लिहिले. दगडांचा उल्लेख केला नाही.

मार्चमधल्या वार्षिक सभेत मावशीची फेरनेमणूक झाली नाही. पाच शेअर पुन्हा चेअरमनच्या नावावर गेले. ते करताना तिचा अंगठा मीच घेतला. कंपनीने माती आबांच्या शेतातून घ्यायचे ठरवले, बाराशे रुपयांना. त्या ठरावाच्या वेळी आबा बाहेर जाऊन तंबाखू मळत उभे राहिले आणि सह्या झाल्यावर आत आले. तिसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांची बैलगाडी वाडीच्या वाटेला दिसली होती, असे मला एका भट्टीवाल्याने सांगितले. ती सरपणासाठी गेली असेल. वाडीवर नाहीचे वारे कोणी घातले, की ते आधीपासूनच होते, हे मला आजतागायत कळलेले नाही.

याला आता सात वर्षे होत आली. हल्ली वर्तमानपत्रांतून कारखान्यांच्या कारभारात कामगारांना घेण्याविषयी बरेच छापून येते आणि ऑफिसात त्यावर वाद होतात. मी बोलत नाही, पण एकदा कागदावर मांडून पाहिले. पाच खुर्च्या, चौसष्ट माणसे. प्रमाणात वाटल्या तर वाडीच्या बायांना दोन पूर्ण येतात, गावच्या माणसांना पावणेदोन, भट्टीवाल्यांना पाऊण, आणि आम्हा ऑफिसवाल्यांना अर्धीसुद्धा नाही. ज्या खुर्चीवर अकरा वर्षे माझा डोळा होता, ती कोणत्याच न्यायाने माझी होत नव्हती. तरीही माझे मत विचारले तर मी म्हणेन, खुर्च्या द्या. पाटीच्या आणि वाऱ्याच्या बाबतीत ते सिद्ध झाले आहे. मात्र खुर्ची देणाऱ्याने आधी ठरवावे की त्याला माणूस हवा आहे की अंगठा. आमच्या मंडळाला वाटले, एक बाई घेतली की वाडी आली. वाडी आली, पण काजळी लावून आली, आणि मग तिची खुर्ची काढून घेतली.

एक बाब राहिली होती. दुसऱ्या बैठकीचे रोखलेले पंधरा रुपये. ते माझ्या पेटीत निराळ्या पाकिटात होते. वार्षिक सभेनंतर मी चेअरमनकडे गेलो आणि म्हणालो, माझा नियमाचा अर्थ चुकला, ती बाई त्या पाऊण तासात कंपनीचेच काम करत होती. त्यांनी न बोलता व्हाउचरवर सही केली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होते ते मला वाचता आले नाही. लबाड माणूस असा सही करतो, आणि शरमलेलाही.

रविवारी मी वाडीवर गेलो. मावशी अंगणात नाचणी पाखडत होती. घरावर गवत होते, गेल्या पावसात एका बाजूने बसलेले. मी दहाची आणि पाचची नोट पुढे केली. तिने हात पुढे केला नाही.

"हे येकटीचं न्हाई. मोडून आना."

मी पुन्हा उतरून सडकेवरच्या चहाच्या टपरीवर गेलो, बारा रुपये आणि बारा पावल्या घेऊन वर आलो. वीस-बावीस मिनिटांची चढण, दोनदा. तोवर तिने हाळी देऊन घरे गोळा केली होती. दम खात मी तिला हळूच विचारले, "मावशी, आता सांगायला हरकत नाही. तुमचा दगड कुठला होता?"

तिने सूप खाली ठेवले. "माजा कोरा व्हता."

"कोरा?"

"चौदा वर्सं कौलाची माती वाहिली, भाऊ. डोईवर बगा काय हाय." तिने गवताकडे बोट केले. "नवशे रुपयांत घर कौलारू झालं असतं."

"मग अंगठा का नाही दिलात? नाव तर तुमचंच होतं."

"नाव माजं. दगूड नऊ काळे." ती जरा वैतागूनच बोलली, मी कारकून असून मला मोजता येऊ नये याचा तो वैताग असावा. "चला, वाटा आता."

वाटले ते असे. एकूण रुपये पंधरा. अकरा घरांना प्रत्येकी सव्वा रुपया हातात, मावशीच्या घरासह, अकरा अंगठे. बारावे घर बेगडेवाडीला रेल्वेच्या खडीकामावर गेले होते. त्याचा सव्वा रुपया मावशीने त्याच्या उंबऱ्यावर ठेवला आणि वर त्याचाच दगड ठेवला, काळा; दगड तिनेच घरोघर गोळा केले होते. पावतीवर बाराव्या ओळीत अंगठा नाही. तिथे मी लिहिले आहे, "घरी ठेवले, साक्षीदार मी."